जोड कठीण का होतो?



वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मय, इतिहास, आरोग्य अशा विषयांवर बोलण्याचा रिवाज आहे. चालकांनी आम्हांला विषयाची मोकळीक दिली आणि आम्ही वेल्डिंग हा विषय घेतला, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर थोडी काळजी दिसली. ती काळजी अनाठायी आहे असे आम्हांस वाटते. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही आले ते कारखान्यांच्या फाटकांवर, रद्दीत मिळालेल्या पुस्तकांतून आणि निवृत्त फोरमन मंडळींच्या ओसरीवर बसून आले. तेव्हा आम्हांला समजले ते तुम्हांला समजणार नाही, असे होण्याचे कारण नाही.

शिवाय कुंभारीला हा विषय परका नाही. गोदूताई परुळेकर वसाहतीत २००६ साली विडी कामगार स्त्रियांना दहा हजार घरे मिळाली. त्यानंतर रे नगरची तीस हजार घरांची योजना आली आणि त्यांपैकी पंधरा हजारांच्या किल्ल्या जानेवारी २०२४ मध्ये दिल्या गेल्या. या घरांतल्या आया विड्या वळतात आणि त्यांची पोरे आयटीआय करून हातात होल्डर धरतात. कोणी अक्कलकोट रस्त्याच्या औद्योगिक वसाहतीत, कोणी साखर कारखान्यात, कोणी ठेकेदाराबरोबर मुंबई-पुण्याला. त्यांनी केलेला जोड टिकतो की तुटतो, आणि तुटला तर कोणाच्या माथी बसतो, हा या गावाच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे.

आरंभ आपण लोहाराच्या भात्यापासून करू. विळ्याला किंवा कुऱ्हाडीला पाणी पाजताना तुम्ही पाहिले असेल. आमच्या लहानपणी घिसाडी कुटुंबे गाडी घेऊन गावात येत आणि वेशीपाशी भाता लावीत. विळा लाल होईपर्यंत तापवायचा आणि चर्रकन पाण्यात बुडवायचा. एरवी जे लोखंड हातोडीने वाकले असते ते आता कानशीलाही दाद देत नाही. मात्र जाणता लोहार तेवढ्यावर थांबत नाही. तो विळा पुन्हा जरा आचेवर धरतो, रंग बदलेपर्यंत वाट पाहतो आणि मग बाजूला ठेवतो. ही दुसरी आच दिली नाही तर धार छान येते, पण पहिल्याच बाभळीच्या फांदीवर विळ्याचा टवका उडतो. कठीणपणा आला आणि चिवटपणा गेला, असा तो प्रकार आहे.

शास्त्रज्ञ याचे कारण असे सांगतात. पोलाद म्हणजे लोखंडात थोडासा कार्बन, शेकड्यात पाव भाग किंवा त्याहून कमी-जास्त. लाल तापलेल्या पोलादात हा कार्बन सुखाने सामावलेला असतो. हळूहळू निवू दिले तर तो आपापल्या जागी वेगळा होऊन बसतो आणि पोलाद मऊ राहते. एकदम निववले तर त्याला बाहेर पडायला सवड मिळत नाही, तो आतल्या आत कोंडला जातो आणि सगळी रचना ताणून धरतो. या ताणलेल्या रचनेला मार्टेन्साइट म्हणतात. आडोल्फ मार्टेन्स नावाचे एक जर्मन शास्त्रज्ञ होते, त्यांचे हे नाव. आमचा घिसाडी त्यांचे नाव न ऐकता त्यांचेच काम करीत होता.

आता वेल्डिंगकडे या. रॉड टेकला, ठिणगी पडली, कमान पेटली. पोलाद वितळायला सुमारे पंधराशे अंश सेंटिग्रेड लागतात, ते तिथे क्षणात होतात. वितळलेला भाग आणि त्याला लागून असलेला दोन-तीन मिलिमीटरांचा पट्टा लाल होतो. या पट्ट्याच्या भोवती मात्र थंडगार जाड प्लेट पसरलेली असते. ती उष्णता अशी ओढून घेते की आठशे अंशांवरून पाचशेवर यायला काही सेकंद पुरतात. पाणी कुठे दिसत नाही, पण त्या पट्ट्याला पाणी पाजले गेलेले असते! प्लेट जितकी जाड तितके हे पाणी जोरकस. पातळ पत्र्याच्या कामात हे कळतही नाही. चाळीस मिलिमीटरच्या प्लेटवर छोटासा टाका मारला तर तोच टाका सगळ्यात धोक्याचा ठरतो, कारण थोडी उष्णता आणि ओढणारे धातूचे आगर मोठे. नवशिका वेल्डर म्हणतो, साधा टाकाच तर मारला. त्याला हे कोणी सांगितलेलेच नसते.

हा कठीणपणा मोजतात कसा? हिऱ्याचे लहानसे टोक ठरावीक वजनाने धातूवर दाबायचे आणि उमटलेला ठसा सूक्ष्मदर्शकातून मोजायचा. ठसा मोठा तर धातू मऊ, ठसा लहान तर कठीण. या पद्धतीला विकर्स म्हणतात. साध्या बांधकामी पोलादाचा आकडा १२० ते १५० च्या आसपास येतो. जोडाशेजारचा पट्टा पुरता कडक झाला तर तोच आकडा ४०० च्या पुढे जातो. ३५० च्या वर जाऊ देऊ नये असा जुना दंडक आहे. तो काही वेदवाक्य नव्हे. रॉड चांगले कोरडे असतील तर थोडे जास्त चालते, ओलसर असतील तर ३५० सुद्धा जड जातात. आणि वसईच्या समुद्रात निघतो तसा गंधकयुक्त वायू ज्या नळांतून जातो तिथे तर २५० च्या आतच राहावे लागते.

जास्त ताकदीच्या पोलादाची अडचण इथे सुरू होते. पुलाचा गर्डर हलका व्हावा, क्रेनचा हात लांब व्हावा, उसाच्या ट्रॉलीत दोन टन जास्त बसावेत, म्हणून कारखानदार ताकदीचे पोलाद मागवतो. ती ताकद कार्बन, मँगनीज, क्रोमियम, मॉलिब्डेनम अशा घटकांतून येते, आणि हेच घटक पोलादाला पाणी चटकन पिण्याची सवय लावतात. कोणते पोलाद किती पिईल याचा अंदाज बांधण्यासाठी एक हिशेब आहे. कार्बनचा टक्का पूर्ण धरा, मँगनीजचा सहावा हिस्सा धरा, क्रोमियम, मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियम यांच्या बेरजेचा पाचवा, निकेल आणि तांबे यांचा पंधरावा. ही सगळी बेरीज म्हणजे त्या पोलादाचा सममूल्य कार्बन. साधे पोलाद घ्या : कार्बन ०.१८, मँगनीज ०.९०. हिशेब ०.३३ वर थांबतो, निर्धास्त जोडा. आता ताकदीचे घ्या : कार्बन ०.२०, मँगनीज १.५०, क्रोमियम वगैरे मिळून ०.१५, निकेल-तांबे मिळून ०.३०. बेरीज ०.५०. दोन्ही प्लेटा दिसायला सारख्या, रंग सारखा, गंजही सारखाच. पण ०.४० च्या आत असलेले पोलाद बहुधा मुकाट जोडून घेते आणि ०.४५ च्या पुढचे आधी तापवून मागते. सातवी नापास माणसालाही पाटीवर करता येईल असा हा हिशेब आहे, आणि प्लेटेबरोबर गिरणीचा जो दाखला येतो त्यावर हे सगळे आकडे छापलेले असतात. आमचे म्हणणे एवढेच की तो दाखला ऑफिसच्या कपाटात राहतो. ज्याच्या हातात होल्डर आहे त्याला तो दाखवला जात नाही.

पण कठीणपणा एकटा चीर पाडीत नाही. त्याला साथीदार लागतो आणि तो म्हणजे हायड्रोजन. रॉडवरच्या लेपात ओल असली, प्लेटेवर तेल, गंज किंवा रंग असला, की कमानीच्या आचेत त्यातून हायड्रोजन सुटतो आणि वितळलेल्या धातूत विरघळतो. जोड निवताना तो शेजारच्या कडक पट्ट्यात सरकतो. निवताना धातू आकसतो, म्हणून तिथे ओढही असते. कडक जागा, ओढ आणि हायड्रोजन तिन्ही जमले की चीर पडते, आणि ती लगेच पडत नाही हेच त्यातले घातक. जोड हाताला गार लागल्यावर, कधी रात्री, कधी दुसऱ्या दिवशी पडते. म्हणून महत्त्वाच्या कामात जोड झाल्यावर ४८ तास थांबून मग तपासणी करतात. सोलापूरच्या विणकराला समजावायचे तर ताण पडल्यावर सूत गाठीपाशी तुटते. इथे फरक इतकाच की गाठ मारणारा घरी जाऊन जेवून झोपल्यावर ती तुटते.

यावर उपाय आहेत, आणि ते जुने व सोपे आहेत. कमी हायड्रोजनचे रॉड वापरावेत. आपल्याकडे ७०१८ म्हणून मिळतात ते. मात्र पुडा फोडला की त्यांना हवेतली ओल लागते. म्हणून ते भट्टीत अडीचशे ते साडेतीनशे अंशांवर तास-दोन तास भाजावेत, मग गरम डब्यात ठेवावेत आणि लागतील तसे काढावेत. जोडायच्या आधी प्लेट शंभर-दीडशे अंशांपर्यंत तापवावी, म्हणजे ती उष्णता हळू ओढते आणि हायड्रोजनला निघून जायला सवड मिळते. काम झाल्यावर जोड एकदम वाऱ्यावर उघडा टाकू नये. कुंभार आवा पेटवून मडकी भाजतो आणि आवा पुरता निवेपर्यंत एकही मडके बाहेर काढीत नाही. आमच्या गावाच्या नावातच कुंभार आहे, तेव्हा हे वेगळे शिकवायला नको.

एवढे सोपे असताना मोडतोड का होते, असे कोणी विचारील. ऑस्ट्रेलियात मेलबर्न शहरात किंग स्ट्रीट पूल म्हणून एक पूल आहे. तो १९६१ साली वाहतुकीला खुला झाला. गर्डर जास्त ताकदीच्या पोलादाचे, वेल्डिंगने जोडलेले. १० जुलै १९६२ रोजी, तिकडच्या हिवाळ्यातल्या थंड सकाळी, सुमारे ४५ टनांची एक मालमोटार वरून जात असता एका गाळ्याचे गर्डर तडकले आणि गाळा खचला. खाली भिंती होत्या त्यांवर तो टेकला, म्हणून कोणाचा जीव गेला नाही. सरकारने चौकशी आयोग नेमला. आढळले ते असे : गर्डरच्या खालच्या बाजूस जादा पट्ट्या जोडल्या होत्या आणि त्या पट्ट्यांच्या टोकाशी आडवे छोटे जोड होते. त्या जोडांच्या पायथ्याशी, कडक झालेल्या पट्ट्यात, चिरा पडल्या होत्या. यांपैकी कित्येक चिरा गर्डर कारखान्याबाहेर पडण्यापूर्वीच होत्या. म्हणजे त्या चिरा घेऊनच गर्डर पुलावर चढले, आणि थंडीने पोलाद ठिसूळ झाल्यावर चीर धावली. पोलाद जोडायला अवघड होते. ते अवघड आहे याची जाणीव पोलाद देणारा, आराखडा करणारा, बांधणारा आणि तपासणारा यांच्यापैकी कोणी पुरती ठेवली नाही. दोष कोणा एका वेल्डरच्या हातात सापडला नाही.

हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे शोध बहुधा हाताशीच सुरू होतो आणि हाताशीच संपतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत वेल्डिंगने जहाजे बांधली. जानेवारी १९४३ मध्ये शेनेक्टडी नावाचे नवे कोरे तेलवाहू जहाज बंदरात, शांत पाण्यात उभे असता मधोमध दुभंगले. ओरड झाली ती वेल्डिंगच्या नावाने आणि घाईने भरती केलेल्या कामगारांच्या नावाने. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर या बाईंनी अशा फुटलेल्या जहाजांच्या पोलादाचा अभ्यास करून दाखवले, की ते पोलादच थंडीत ठिसूळ होणाऱ्या जातीचे होते. वेल्डिंगने एवढे केले की पूर्वी रिव्हेटच्या फटीपाशी थांबणारी चीर आता अखंड प्लेटेतून धावू लागली. वाईट काम कोणी केलेच नव्हते असे आम्ही म्हणत नाही. परंतु वाईट काम शोधण्याआधी पोलाद कोणते होते हे विचारावे, एवढे त्या बाईंमुळे जगाला कळले.

आम्हांला त्याचा उपयोग घराजवळच झाला. काही वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्या एका कारखान्यात उचलयंत्राच्या तुळईला जाड कान जोडण्याचे काम निघाले. काम संध्याकाळी झाले. लाल रंग लावून चाचणी घेतली, निर्मळ निघाली. तिसऱ्या दिवशी सकाळी जोडाच्या कडेने केसाएवढी चीर दिसली. वेल्डरला आरोपपत्र मिळाले : निष्काळजीपणा. माणूस वीस वर्षे कामाचा, त्याच्या हाताखाली शिकलेली पोरे आज परदेशात आहेत. खातेनिहाय चौकशीत आम्ही त्याच्या बाजूने बसलो आणि तीनच कागद मागितले : प्लेटेचा दाखला, रॉड भाजल्याची नोंद आणि जोडण्यापूर्वी प्लेट किती तापवली याची नोंद. दाखला आला. दुसऱ्या एका कामातून उरलेली ती जास्त ताकदीची प्लेट होती. आम्ही तिथेच पाठकोऱ्या कागदावर बेरीज केली, ती ०.४९ आली. उरलेले दोन कागद आलेच नाहीत, कारण ते नव्हतेच. रॉड भाजायची भट्टी बिघडून कोपऱ्यात पडली होती आणि तिच्यात हातमोजे ठेवले जात. आरोपपत्र मागे घेतले गेले. निलंबनाच्या दिवसांचा पगार मात्र बुडाला तो बुडालाच. त्यासाठी आम्ही पुष्कळ भांडलो.

आता आपल्या तालुक्यातलेच एक उदाहरण घेऊ, कारण त्यात या विषयाची उलटी बाजू दिसते. फताटेवाडीला राष्ट्रीय औष्णिक वीज महामंडळाचे केंद्र आहे. ६६० मेगावॉटचे दोन संच. पहिला २०१७ साली आणि दुसरा २०१९ साली वीज देऊ लागला. या जातीच्या संचांत वाफेचा दाब इतका असतो की पाणी आणि वाफ हा भेदच उरत नाही. २२१ बार दाब आणि ३७४ अंश ही ती सीमा, आणि वाफ टर्बाइनमध्ये शिरते ती साडेपाचशे अंशांच्या आसपास किंवा त्याहून तापलेली. एवढ्या आचेत साधे पोलाद हळूहळू ताणले जाऊन फुटते. म्हणून अशा केंद्रांतल्या मुख्य वाफनळांसाठी जगभर नऊ टक्के क्रोमियम असलेले पोलाद वापरतात. त्याला कामगार नुसते 'नाइंटीवन' म्हणतात.

हे पोलाद म्हणजे पाणी पिण्यात अट्टल. पाण्यात बुडवायला नको की वारा घालायला नको. हवेत निवले तरी पुरते कडक होते. नुसता जोडून सोडला तर जोडाचा आकडा ४०० च्या वर. म्हणून आधी सुमारे दोनशे अंशांपर्यंत तापवायचे, सगळे काम होईपर्यंत ती आच राखायची, मग शंभराच्या खाली निवू द्यायचे, आणि त्यानंतर लोहाराची ती दुसरी आच द्यायची : सुमारे ७५० अंशांवर काही तास. नळाभोवती विजेच्या पट्ट्या गुंडाळतात, वर लोकरीसारखे आच्छादन बांधतात, आणि तापमान दर मिनिटाला कागदावर उमटत राहते. शेवटी कठीणपणा मोजतात. तो ब्रिनेल मापाने साधारण १९० ते २५० च्या दरम्यान यावा लागतो. २५० च्या फार वर गेला तर ठिसूळ, हे आता तुम्ही ओळखालच. पण १९० च्या खाली घसरला तर तोही जोड नापास! आच जास्त झाली, जास्त वेळ राहिली, की पोलाद मऊ पडते आणि वर्षानुवर्षे वाफेचा दाब सोसण्याची त्याची कुवत जाते. मऊ तेवढे सुरक्षित, असा समज करून घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. मध्यरात्री वीज गेली आणि आच मध्येच तुटली, तर सबंध क्रिया पुन्हा हिशेबाने बसवावी लागते. हे काम करणारी माणसे रात्रभर तक्त्यासमोर बसून राहतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, बसून पगार घेतात.

घराच्या बांधकामाविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण इथे बसलेल्यांपैकी कित्येकजण घरावर माडी चढवण्याच्या विचारात आहेत. खांबातली सळई आज बहुतेक टीएमटी जातीची असते; जालन्याच्या रोलिंग मिलमधून ती आपल्याकडे येते. ही सळईसुद्धा पाणी पाजलेलीच. लाल सळईवर पाण्याचे जोरदार फवारे मारतात, त्यामुळे बाहेरचे कवच कडक होते. आतली धग मग बाहेर येऊन त्या कवचाला दुसरी आच देते. गर मऊ, साल चिवट, अशी ती युक्ती आहे. मिस्त्री जेव्हा तार बांधायचा कंटाळा करून रिंगा सळईला वेल्डिंगने चिकटवतो, तेव्हा त्या जागी सालीची ताकद उतरते, आणि जुन्या जास्त कार्बनच्या पिळाच्या सळईवर तर उलट ठिसूळ डाग पडतो. तेव्हा बांधणीच्या तारेनेच बांधा, सळईवर सळई पुरेशी चढवा. वेल्डिंग करायचेच असेल तर ती सळई वेल्डिंगला योग्य असल्याचा दाखला मागा.

अलीकडे पोलाद बनवणाऱ्यांनी वेगळी वाट काढली आहे. कार्बन कमी ठेवून, लाटताना तापमान नीट सांभाळून, कण बारीक करून ताकद आणतात. असे पोलाद जोडायला खूपच सोपे. मात्र तिथे जोडाशेजारचा पट्टा बचावला तरी चीर कधी खुद्द जोडाच्या धातूत पडते, कारण ताकद जुळवण्यासाठी रॉडचा धातूही तितकाच तगडा घ्यावा लागतो. म्हणजे रॉड भाजण्यातून सुटका नाही.

शेवटी कामाच्या दरांविषयी. ठेक्याच्या कामात वेल्डरला इंचावर पैसे मिळतात. दिवसात इतके इंच, इतके रुपये. प्लेट तापवायला लागणारा तास या हिशेबात इंच देत नाही. रॉड भट्टीतून आणायला गेलेला वेळ इंच देत नाही. तापमानाचा खडू लावून वाट पाहणे, दोन फेऱ्यांमध्ये थांबणे, जोड झाकून ठेवणे, यांतले काहीच इंच देत नाही. आता सांगा, रोजावर घर चालवणारा माणूस काय करील? आणि वरून त्यालाच विचारतात, चीर का पडली.

म्हणून करार करताना आम्ही एक कलम घालण्याचा आग्रह धरतो. जाड किंवा जास्त ताकदीच्या पोलादाचे काम असेल तर तापवण्याचा, रॉड भाजण्याचा आणि निववण्याचा वेळ कामाचा वेळ धरावा आणि त्याचा रोज द्यावा. प्लेटेच्या दाखल्याची प्रत कामाच्या जागी लावावी. आणि ४८ तासांच्या तपासणीपूर्वी जोड वेल्डरने पुरा केला असे धरून त्याच्या मोजणीचे पैसे अडवू नयेत. पहिल्या दोन गोष्टी काही ठिकाणी मान्य झाल्या आहेत. तिसरीवर अजून बोलणी चालू आहेत. पुढच्या आठवड्यात एक बैठक आहे. इथल्या तरुण मंडळींपैकी ज्यांना आपल्या प्लेटेचा हिशेब करून पाहायचा असेल त्यांनी दाखला घेऊन रविवारी सकाळी आमच्याकडे यावे. पाटी आणि पेन्सिल आमच्याकडे आहे. अध्यक्षांनी वेळेची चिठ्ठी पाठवली आहे, तेव्हा आम्ही आपली रजा घेतो.